बालपण संपवणारी 22 अक्षरं

डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारा निमॅटोड म्हणजे सूत्रकृमी आमच्या इंदापूर तालुक्यातल्या बागायतदारांना चांगलाच ठाऊक आहे. वरकुट्यात कुणाही बागवाल्याला विचारा, तो त्याचं नाव रागानेच घेईल. आज ज्याची गोष्ट सांगायची आहे तो या निमॅटोडचाच एक निरुपद्रवी भाऊबंद. सी. एलेगन्स त्याचं नाव. लांबी एक मिलिमीटर. कुजक्या फळांत आणि पालापाचोळ्यात राहतो, कुणाचं काही बिघडवत नाही.

या किड्याच्या शरीरात मोजून 959 पेशी असतात, त्यांतल्या 302 चेतापेशी. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत. आता जनुकांचा हिशेब पाहा. प्रथिनं बनवणारी जनुकं त्या किड्याकडे साधारण 20 हजार आणि आपल्याकडेही साधारण 20 हजारच! भांडवल सारखंच असताना एकाचा कृमी झाला आणि दुसरा ज्ञानेश्वरी वाचू लागला, हे कसं? कोणतं जनुक कुठे, कधी आणि किती वेळ चालू ठेवायचं यात त्या उत्तराचा मोठा भाग आहे. त्यातला एक फार महत्त्वाचा धागा या किड्यातच सापडला.

1980 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर अ‍ॅम्ब्रॉस आणि गॅरी रुव्हकन हे दोन तरुण संशोधक काम करत होते. त्यांच्याकडे या किड्याचा एक विचित्र वाण होता. त्यातलं ‘लिन-4’ नावाचं जनुक बिघडलेलं होतं. अशा किड्याचं बालपण संपतच नसे. पहिल्या अवस्थेत पेशींनी जे करायचं, तेच त्या पुन्हा पुन्हा करत राहत. वय वाढे, पण पेशी मोठ्या होत नसत. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे मुंबईत आपल्याला हाच प्रकार माणसाच्या पोरांत भेटणार आहे, आणि तिथे तो जीवघेणा आहे.

जनुकातला मजकूर आधी संदेशवाहक आरएनएवर उतरवला जातो आणि त्या संदेशावरून पेशी प्रथिन बनवते, एवढं आपण शाळेत शिकलो. लिन-4 मधूनही एखादं प्रथिन निघेल अशीच अपेक्षा होती. निघाला तो आरएनएचा जेमतेम 22 अक्षरांचा तुकडा. त्यातून प्रथिन बनणं शक्यच नव्हतं. दोघे तोवर वेगवेगळ्या प्रयोगशाळांत गेले होते. 1992 च्या जूनमध्ये त्यांनी आपापली अक्षरं एकमेकांना कळवली आणि ताडून पाहिली. अ‍ॅम्ब्रॉस यांचा तुकडा रुव्हकन यांच्याकडच्या ‘लिन-14’ या जनुकाच्या संदेशाच्या शेपटाशी जुळत होता, तोही एकदा नव्हे, अनेक ठिकाणी. तुकडा संदेशाला चिकटला की त्यावरून प्रथिन बनणं थांबतं, आणि किड्याचं बालपण संपतं.

ज्यांनी उसाला दारं धरली आहेत त्यांना हे लगेच कळेल. कालव्याला पाणी सुटलं म्हणजे पीक आलं असं होत नाही. कोणत्या सरीत पाणी किती वेळ जाऊ द्यायचं आणि कधी खोऱ्याभर माती टाकून दारं बंद करायचं, यावर रान अवलंबून असतं. दारं धरणाऱ्याला डुलकी लागली की एक सरी तुंबते आणि दुसरी कोरडी राहते. हा 22 अक्षरांचा आरएनए म्हणजे ती खोऱ्याभर माती. मी कवितेचा माणूस, मला आणखी एक गोष्ट आठवते. उर्दू लिपीत एक टिंब वरचं खाली गेलं की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो. टिंबाला स्वतःचा अर्थ नसतो, पण अर्थ कोणता लागायचा ते तेच ठरवतं.

हे संशोधन डिसेंबर 1993 मध्ये छापून आलं आणि फारसं कुणी लक्ष दिलं नाही. किड्याची काहीतरी तऱ्हा असेल, माणसाशी त्याचा काय संबंध, असं बहुतेकांना वाटलं. 2000 साली रुव्हकन यांच्या गटाला असाच दुसरा तुकडा सापडला, ‘लेट-7’. तो माशीत होता, माशात होता आणि माणसातही होता, अक्षर न् अक्षर तसाच. 2001 मध्ये या साऱ्या कुळाला ‘मायक्रो आरएनए’ असं नाव मिळालं. अ‍ॅम्ब्रॉस आणि रुव्हकन यांना नोबेल मिळायला मात्र 2024 साल उजाडलं. 1993 च्या त्या निबंधावर पहिलं नाव रोझलिंड ली यांचं आहे. त्या अ‍ॅम्ब्रॉस यांच्या पत्नी. नोबेलच्या यादीत त्या नाहीत. असो.

आता मेंदूकडे येऊ. गर्भात मेंदू घडताना मूळपेशी आधी वाढत राहतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. मग कधीतरी त्यांना वाढणं थांबवून चेतापेशी व्हावं लागतं. हे ‘थांब’ म्हणण्याचं काम पुष्कळ अंशी मायक्रो आरएनए करतात. मेंदूत ‘मिर-124’ नावाचा एक तुकडा विपुल असतो. 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी तो हेला पेशींत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या पेशींत घातला. शंभराहून अधिक संदेश मंदावले आणि पेशीचा एकूण नूर मेंदूच्या पेशीकडे झुकू लागला. 2011 मध्ये मिर-124 आणि मिर-9 यांच्या जोरावर माणसाच्या त्वचेतल्या पेशींपासून चेतापेशी तयार झाल्या. उलट बाजूचा प्रयोगही झाला आहे. मायक्रो आरएनए कापून तयार करणारं ‘डायसर’ हे विकर उंदरांच्या वाढत्या मेंदूतून काढून टाकलं, तर नव्या चेतापेशी मोठ्या संख्येने मेल्या आणि मेंदूचा वरचा थर पातळ राहिला.

हे थांबणं चुकलं तर? आपल्या 86 अब्ज चेतापेशींपैकी सुमारे 69 अब्ज डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूत आहेत. तिथल्या बारीक दाण्यांसारख्या पेशी घडवण्याचं काम बाळ जन्मल्यावरही वर्षभर चालू असतं. इतक्या घाईच्या बांधकामात एखादी पेशी थांबायचं विसरली, तर तिथे गाठ होते. तिचं नाव मेड्युलोब्लास्टोमा. मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कर्करोगांत ती वरच्या क्रमांकावर आहे. 2009 मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवलं की तिच्या एका प्रकारात ‘मिर-17 ते 92’ हा मायक्रो आरएनएंचा झुबका प्रमाणाबाहेर वाढलेला असतो आणि तो पेशींना वाढतंच ठेवतो. माती इथेही पडते, पण भलत्याच दारात.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने याच गाठीच्या मायक्रो आरएनएंचा अनेक वर्षं अभ्यास केला. या गाठीचे चार मुख्य प्रकार आहेत. त्यांतला ‘विंट’ हा सर्वांत सौम्य. त्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं वाचतात. तिसऱ्या गटातल्या काही गाठी मात्र फार निर्दय असतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे प्रकार नेहमीच वेगळे ओळखू येत नाहीत. शिरसाट यांच्या गटाने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवलं, की विंट गाठींमध्ये मिर-193ए, मिर-148ए, मिर-224 असे काही तुकडे ठळकपणे वाढलेले असतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या गाठीच्या पेशींत हे तुकडे घातले, तर त्यांची वाढ मंदावे आणि क्ष-किरणांपुढे त्या लवकर हार मानत.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा रुग्णालयात फॉर्मेलिनमध्ये ठेवून मग मेणाच्या वडीत जपतात. या प्रक्रियेत लांबलचक संदेशवाहक आरएनएचे तुकडे तुकडे होतात. 22 अक्षरांच्या चिटुकल्याचं काय तुटणार? तो वर्षानुवर्षं मेणात शाबूत राहतो. ताजी गाठ गोठवून ठेवण्याची सोय आपल्याकडे सगळ्याच रुग्णालयांत कुठून असणार? 2013 मध्ये या गटाने काही जनुकं आणि काही मायक्रो आरएनए मोजून मेणाच्या वडीवरूनच गाठीचा प्रकार ओळखण्याची चाचणी मांडली. 2019 मध्ये त्यांनीच दाखवलं की तिसऱ्या आणि चौथ्या गटातल्या ज्या गाठींत मिर-204 कमी असतो त्या अधिक आक्रमक असतात.

प्रकार कळून करायचं काय, असं कुणी विचारेल. शस्त्रक्रियेनंतर या मुलांच्या पूर्ण मेंदूला आणि पाठीच्या कण्याला किरण देतात. त्याने जीव वाचतो, पण वाढत्या मेंदूवर त्याचे व्रण राहतात. मूल अभ्यासात मागे पडतं, उंची खुंटते, संप्रेरकांचा तोल जातो. म्हणून विंट प्रकाराच्या मुलांना किरण कमी देता येतील का, हा प्रश्न फार मोलाचा आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी अशा मुलांना फक्त गाठीच्या जागी किरण देऊन पाहिले. काही मुलांत आजार मज्जासंस्थेत दुसरीकडे उलटला आणि ती चाचणी त्यांनी वेळेआधीच थांबवली. चुकलेला प्रयोग त्यांनी छापून जगासमोर ठेवला, याचंही मला अप्रूप वाटतं. त्यानंतर मेंदू आणि कणा दोन्हीला किरण द्यायचे, पण मात्रा घटवून, अशी दुसरी चाचणी तिथेच हाती घेण्यात आली.