होल्डनची लाल टोपी

जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ ही कादंबरी १९५१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिचा १६ वर्षांचा नायक होल्डन कॉलफिल्ड शाळेतून काढलेला आणि धाकट्या भावाच्या मृत्यूने आतून मोडलेला आहे. त्याचे दुःख त्याच्याजवळच्या वस्तूंतून उमगत जाते.

शिकाऱ्यांनी एकमेकांना चटकन दिसावे म्हणून लाल कपडे घालण्याची अमेरिकेत प्रथा होती. होल्डन तशीच लांब चोचीची लाल टोपी न्यूयॉर्कमध्ये एका डॉलरला घेतो. चोच मागे फिरवून ती घालतो. हॉटेलात शिरताना मात्र काढतो. वेगळेपण मिरवायचेही आणि लपवायचेही, अशी ही ओढाताण. ल्युकेमियाने गेलेल्या त्याच्या धाकट्या भावाचे, ॲलीचे, केसही लालच होते.

ॲलीचा डाव्या हाताने खेळणाऱ्याचा बेसबॉल हातमोजा होल्डन जपून ठेवतो. मैदानात उभे असताना वाचता यावे म्हणून ॲलीने त्यावर हिरव्या शाईने कविता लिहिल्या होत्या. हातमोजा म्हणजे गोठलेली आठवण. टोपी मात्र हातोहात फिरते. होल्डन ती बहीण फीबीला देतो आणि शेवटी फीबीच ती त्याच्या डोक्यावर परत चढवते. पाठोपाठ पाऊस कोसळतो. लहानग्यांना सावरू पाहणाऱ्या मुलाला टोपीचा तेवढाच आडोसा मिळतो.