बंदूक शिपायाची, दारूगोळा सरकारचा

#थ्रेड

१/९
आजचा सैनिक काम संपले की सरकारी रायफल शस्त्रागारात जमा करतो. स्वतःची बंदूक बाळगायची, तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार त्यालाही परवाना घ्यावा लागतो. शिवकाळातील रीत याच्या नेमकी उलट होती.

२/९
साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यातील नोंदीनुसार मावळे आणि हेटकरी आपापली शस्त्रे घरून आणीत. सरकार केवळ दारूगोळा पुरवी. तलवार, ढाल आणि तोड्याची बंदूक हा त्यांचा नेहमीचा सरंजाम.

३/९
कोकणातील हेटकरी नेमबाजीसाठी प्रसिद्ध होते. गारेच्या ठिणगीने उडणारी बंदूकही त्यांच्यात लवकर आली होती. तरीही दर दहावा माणूस धनुष्यबाण बाळगी, कारण रात्रीच्या छाप्यात बंदुकीचा आवाज घातक ठरे.

४/९
घोडदळात दोन वर्ग होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार घोडा आणि हत्यारे स्वतःची आणी. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. शिलेदार म्हणजे शस्त्र बाळगणारा. मालकी हीच त्याची ओळख होती.

५/९
परंतु स्वतःचे शस्त्र असलेला मनुष्य स्वतंत्रही असतो, आणि राज्यकर्त्यास नेमकी याचीच चिंता. सभासद बखर सांगते की महाराजांनी पागा बळकट केली आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले, जेणेकरून कोणास बंडाचे सामर्थ्य उरू नये.

६/९
दुसरा उपाय कागदाचा होता. दसऱ्यास मोहिमेपूर्वी प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी आणि किंमत लिहून घेतली जाई. अपरिहार्य कारणाने वस्तू गमावली आणि तसे सिद्ध झाले, तर सरकार भरपाई देई. परतताना यादीबाहेरची वस्तू सापडली आणि तिचा हिशेब देता आला नाही, तर ती जप्त होई किंवा तिची किंमत पगारातून वळती होई.

या एकाच यादीने दोन कामे साधली. शिपायाला लूट दडवता येईना. आणि लढताना घोडा वा हत्यार गेले, तरी घर बुडेल ही धास्ती उरली नाही. शिलेदाराचे सारे भांडवल रणांगणावर असे. भरपाईची हमी नसती, तर ते जपण्यासाठी तो हात राखूनच लढला असता.

७/९
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युद्धपद्धती बदलली. महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या. एकाच हुकमावर बार काढायचे, तर बंदुका आणि गोळ्या एकाच मापाच्या हव्यात. घरोघरच्या निरनिराळ्या बंदुकांना तेथे जागा नव्हती. आग्र्याच्या कारखान्यात पलटणींसाठी बंदुका घडू लागल्या.

८/९
शिलेदारी मात्र संपली नाही. इंग्रजांनी ती उचलली. १८१७ च्या पुणे तहातून उभ्या राहिलेल्या, पुढे ‘पूना हॉर्स’ म्हणून गाजलेल्या घोडदळातही ती होती. पण तिचा गाभा पालटत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा पथकांतील स्वार घोडा, खोगीर, कपडे स्वतःचे आणी. रायफल आणि काडतुसे तेवढी सरकारची. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य जनतेच्या बंदुकीवरही परवान्याचे बंधन घातले होते. पहिल्या महायुद्धात मेलेल्या घोड्यांची भरपाई स्वारांना पेलेना, आणि युद्धानंतर ही पद्धत बंद झाली.

९/९
मावळ्याची बंदूक स्वतःची, स्वाराची सरकारची. सुमारे दोन शतकांत झालेल्या या अदलाबदलीस केवळ तंत्रज्ञान कारणीभूत नाही. स्वराज्याने शिपायाच्या हातातील शस्त्र काढून न घेता त्याची नोंद ठेवली आणि नुकसानीची जबाबदारी स्वीकारली. परकीय सत्तेने त्याच्यावर घोड्याचा खर्च सोपवला, बंदूक मात्र स्वतःच्या मुठीत ठेवली. सत्तेचा आपल्या शिपायावर किती विश्वास होता, हे पाहायचे असेल तर त्याची बंदूक कोणाच्या नावावर होती ते पाहावे.