खेळाच्या पेटींतला मूक संगणक

वस्तु संपते आणि डबा उरतो, हा घरोघरचा अनुभव आहे. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत सुईदोरा येऊन बसतो, पितळी पानदानांत पावत्या व सुटे पैसे जमतात, आणि जुन्या रेडिओचें यंत्र मुकें झालें तरी त्याची लांकडी पेटी दिवाणखान्यांतील आपली जागा सोडीत नाहीं. संगणकांच्या इतिहासांतहि असा एक मनोरंजक अध्याय आहे. मुलांच्या खेळासाठीं केलेल्या यंत्राची जुनी पेटी घ्यावयाची, आंतील भाग काढावयाचे, आणि त्या जागीं असा एक लहान संगणक बसवावयाचा कीं जो टेलिव्हिजनच्या पडद्यावर चित्रपट दाखवील, गाणीं ऐकवील, कुटुंबाचीं छायाचित्रें उलगडील, आणि हें सारें करीत असतां स्वतः मात्र चकार शब्द काढणार नाहीं. वरवर पाहतां हा फावल्या वेळचा छंद होय. परंतु त्याच्या मुळाशीं एक गंभीर प्रश्न आहे. पैसे मोजून घरीं आणलेल्या यंत्राचा उपयोग काय, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? बनविणाराचा, कीं घेणाराचा?

या गोष्टीचा आरंभ एका व्यापारी पडझडीपासून होतो. १९८३ सालीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. सुमार खेळांचा इतका सुकाळ झाला कीं गिऱ्हाइकांचा विश्वासच उडाला. अटारी कंपनीनें आपला न खपलेला माल गाड्या भरभरून न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवीं नेला व तेथील कचऱ्याच्या खाणींत पुरून टाकला. २०१४ सालीं जमीन उकरून त्यांतील कांहीं माल पुन्हां वर काढण्यांत आला. नेमक्या त्याच वर्षीं, म्हणजे १९८३ च्या जुलै महिन्यांत, जपानमध्यें निन्टेंडो कंपनीनें ‘फॅमिकॉम’ हें लाल-पांढऱ्या रंगाचें खेळयंत्र बाजारांत आणलें आणि तें तेथें लोकप्रियहि झालें. परंतु अमेरिकेंत तें विकावयाचें कसें? तेथील दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हे शब्दसुद्धां कानावर घेण्यास तयार नव्हते.

तेव्हां कंपनीनें वेषांतराचा मार्ग पत्करला. लान्स बार या अभिकल्पकानें यंत्राला नवीन पेटी दिली. ती राखी रंगाची, चौकोनी, सुमारें २६ सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद व ९ सेंटिमीटर उंच होती. पुढील बाजूस बिजागरीचें झांकण होतें. तें उचलावयाचें, खेळाची वडी आंत सरकवावयाची, आणि मग ती खालीं दाबावयाची, अशी रचना होती. त्या काळीं घरोघर शिरलेल्या व्हिडिओ कॅसेटच्या यंत्राशीं तिचें साम्य सहज डोळ्यांत भरे, आणि हेतूहि तोच होता. यंत्राचें नांवसुद्धां ‘निन्टेंडो एन्टरटेनमेन्ट सिस्टिम’, म्हणजे करमणुकीची योजना, असें ठेवलें. १९८५ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क शहरांत विक्री सुरू झाली. पुढें मूळ फॅमिकॉम धरून या यंत्राचे सहा कोटींहून अधिक नग जगभर खपले. १९९० नंतर मुंबई-पुण्याच्या दुकानांतूनहि फॅमिकॉमच्या नकला निरनिराळ्या नांवांनीं मिळूं लागल्या, आणि येथील मुलांनीं खेळाच्या वडीला ‘कॅसेट’ हेंच नांव देऊन टाकलें.

या पेटीच्या पोटांत काय होतें? सेकंदाला सुमारें १७ लक्ष ९० हजार ठोके देणारा एक प्रोसेसर आणि अवघी २ किलोबाइट कार्यस्मृति. एवढ्याशा कारभाराला उष्णता ती कितीशी! त्यामुळें पंख्याची गरजच नव्हती आणि यंत्र मुळांतच नि:शब्द होतें. मात्र पोटांत आणखी एक चीज दडलेली होती. तिला कुलूप म्हणतां येईल. यंत्रांत एक चिप व प्रत्येक वडींत तिची जोडीदार चिप बसविलेली असे. दोघींचा मेळ जमला तरच खेळ चाले. न जमल्यास यंत्र पुन्हां पुन्हां मूळपदावर येई आणि पुढचा तांबडा दिवा उघडझांप करीत राही. कंपनीच्या संमतीवांचून कोणीं खेळ काढूं नये, हा त्या कुलुपाचा उद्देश. १९८३ च्या पडझडीनंतर त्यांत कांहीं शहाणपणहि होतें. पण झांकणाआडचे धातूचे स्पर्शबिंदु झिजले कीं संमतीचा खेळहि हें कुलूप अडवी, आणि मग मुलें वडींत फुंकर मारीत बसत. अखेर हौशी लोकांनीं त्या चिपचा एक पाय तोडून कुलूपच निकामी करण्याची युक्ति शोधून काढली. घेणारानें बनविणाराचें कुलूप उघडण्याची परंपरा अशी जुनी आहे.

सोळा वर्षांनीं याच नाटकाचा दुसरा अंक उलट्या वेषांत रंगला. १९८५ चें खेळयंत्र घरगुती उपकरणाचा वेष घेऊन आलें होतें. २००१ च्या नोव्हेंबरांत मायक्रोसॉफ्टनें २९९ डॉलरांना विकावयास काढलेला ‘एक्सबॉक्स’ हा खेळयंत्राच्या वेषांतील संगणक होता. त्यांत ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर होता, ६४ मेगाबाइट स्मृति होती, हार्ड डिस्क होती, डीव्हीडीचा ड्राइव्ह होता आणि जाळ्याची तार जोडण्याची सोयहि होती. यंत्र तोट्यांत विकून खेळांच्या विक्रींतून तो भरून काढावयाचा, असा कंपनीचा हिशेब होता. म्हणूनच मालकानें त्यांत दुसरा कांहीं कार्यक्रम चालवूं नये यासाठीं अवघ्या ५१२ बाइटांचें एक गुप्त आरंभसूत्र चिपच्या आंत कोरून ठेवलें होतें.

२००२ सालीं मॅसाचुसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील अँड्र्यू ह्वांग या विद्यार्थ्यानें दोन चिपांमधील तारांवरून धांवणारा संदेश स्वतः बनविलेल्या उपकरणानें टिपून घेतला आणि कुलपाची किल्ली हस्तगत केली. या विषयावर त्यानें पुस्तक लिहिलें, परंतु अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल स्वामित्वहक्क कायद्याच्या भयानें मूळ प्रकाशकानें माघार घेतली. २००३ सालीं त्यानें तें स्वतःच प्रसिद्ध केलें. इकडे हौशी कार्यक्रमकारांनीं २००२ पासूनच एक्सबॉक्सवर चित्रपट व गाणीं चालविणारा कार्यक्रम रचावयास घेतला होता. २००४ च्या जूनमध्यें ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ या नांवानें त्याची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. घरांतल्या दुसऱ्या संगणकावर सांठविलेला चित्रपट आतां दिवाणखान्यांत बसून पाहतां येऊं लागला. बनविणारानें जें काम यंत्राच्या गांवींहि ठेवलें नव्हतें, तें घेणारांनीं त्याच्याकडून करून घेतलें.

तथापि काळ कोणासाठीं थांबत नाहीं. डीव्हीडीच्या एका चित्रांत ७२० गुणिले ४८०, म्हणजे ३,४५,६०० बिंदु असतात. पूर्ण उच्च दर्जाच्या चित्रांत २०,७३,६००, म्हणजे बरोबर सहापट. हा भार एक्सबॉक्सच्या प्रोसेसरला पेलेना. २०१० सालीं मूळ कार्यक्रमकारांनीं एक्सबॉक्सची साथ सोडली, आणि २०१४ सालीं कार्यक्रमाचें नांव बदलून ‘कोडी’ झालें. ज्या यंत्रासाठीं तो जन्मला, त्याचें नांवहि त्यांत उरलें नाहीं. आतां एकच मार्ग होता: जुनी पेटी ठेवावयाची आणि तिच्यांत नवा संगणक घालावयाचा.

येथेंच शांततेचा प्रश्न उभा राहतो. कचेरींतील संगणकाची घरघर तेथल्या गोंगाटांत खपून जाते. परंतु रात्रीं दिवे मालवून चित्रपट पाहात असतां, पात्रांच्या हलक्या कुजबुजीच्या वेळीं, तीच घरघर खड्यासारखी दांताखालीं येते. संगणक जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतो, आणि ती वाहून नेण्यास पंखा लागतो. पंख्याची गति निम्मी केली तर त्याचा आवाज सुमारें १५ डेसिबलांनीं उतरतो. १० डेसिबलांचा उतार झाला तरी मानवी कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. पण गति निम्मी झाली कीं वाहणारी हवाहि निम्मीच. त्यावर तोड म्हणजे मोठ्या व्यासाचा पंखा, कारण व्यास दुप्पट केल्यास त्याच गतींत सुमारें आठपट हवा वाहते. दुर्दैवानें ९ सेंटिमीटर उंचीच्या पेटींत मोठा पंखा उभा मावत नाहीं. तो आडवा निजवावा लागतो, आणि मग खालून हवा आंत येण्यास व वरून बाहेर जाण्यास वाट ठेवावी लागते. दुसरा वाचाळ भाग हार्ड डिस्कचा. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. त्या कंपनाची गुणगुण पेटीचें पातळ प्लास्टिक तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणें वाढवून ऐकवितें. म्हणून डिस्क रबराच्या चकत्यांवर बसविण्याची चाल पडली. पुढें फिरता भाग नसलेल्या डिस्का स्वस्त झाल्या आणि ती गुणगुणच संपली.

खरा उपाय मात्र उष्णता मुळांतच कमी करणें हा होय. २००१ सालीं तैवानच्या व्हिया कंपनीनें १७ सेंटिमीटर चौरसाचा ‘मिनी-आयटीएक्स’ मदरबोर्ड काढला. त्यावरील कांहीं प्रोसेसर इतके थोडक्यांत भागविणारे होते कीं त्यांना पंख्यावांचून चालत असे. १९८५ च्या राखी पेटीचीं मापें आठवावीं: २६ गुणिले २०. आंतील जुना धातूचा पत्रा व प्लास्टिकचे खांब काढले कीं १७ सेंटिमीटरचा चौरस तींत सहज बसतो. पुढें २०१२ च्या २९ फेब्रुवारीस केंब्रिजच्या एका संस्थेनें ‘रास्पबेरी पाय’ हा पत्त्याच्या आकाराचा संगणक ३५ डॉलरांना विकावयास आणला. साडेतीन वॅटच्या आसपास वीज घेऊन, पंख्याच्या साहाय्याशिवाय, तो उच्च दर्जाचा चित्रपट दाखवूं लागला. असले मदरबोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरील दुकानांतूनहि मिळतात. उरतें तें सुतारकाम व सोनारकाम: जुनें बटण नव्या संगणकाला जोडणें, तांबडा दिवा तोच राखणें, खेळाच्या खटक्यांचीं भोंकें नव्या जोडण्यांना देणें, आणि झांकणाआड जेथें वडी जात असे तेथें डीव्हीडीचा ड्राइव्ह बसविणें. हें सारें जमलें म्हणजे एक विलक्षण योग घडतो. जी पेटी १९८५ सालीं चित्रयंत्र असल्याचें केवळ सोंग करीत होती, ती आतां खरोखरच चित्रयंत्र झालेली असते. सोंग खरें ठरतें.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे. चालू स्थितींतील जुनें यंत्र फोडून त्याची नुसती टरफल वापरणें म्हणजे इतिहासाचा एक पुरावा नष्ट करणें होय. नग कितीहि कोटींनीं निघालेले असोत, नवे निघत नाहींत आणि जुने रोज कमी होतात. म्हणून जें यंत्र दुरुस्तीच्या पलीकडे गेलें आहे त्याचीच पेटी घ्यावी, आणि आंतील भाग फेकून न देतां दुसऱ्या एखाद्या आजारी यंत्राच्या उपयोगीं पडावे म्हणून जपून ठेवावे, हीच विवेकाची रीत. पूर्वज वाड्याचें जुनें लांकूड नव्या घराला वापरीत. परंतु नांदता वाडा त्यासाठीं पाडीत नसत.

कायद्याचा निवाडा अद्याप एकमुखी नाहीं. खेळयंत्राचें कुलूप उघडण्यास सवलत द्यावी ही मागणी अमेरिकेंत २०१२ सालीं फेटाळली गेली. २०२१ सालीं केवळ तबकडीचा ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती ती मान्य झाली. भारतानें २०१२ सालीं स्वामित्वहक्काच्या कायद्यांत अशा कुलपांना संरक्षण दिलें, पण ज्या गोष्टीला कायद्यानें स्पष्ट मनाई केलेली नाहीं तिच्यासाठीं कुलूप उघडण्यास मोकळीकहि ठेवली. पेटींतील यंत्र काढून नवें घालणाराला तर कोणतेंच कुलूप आड येत नाहीं. पेटीला असतात ते साधे स्क्रू.

या कथेचा शेवट बनविणारानेंच लिहिला आहे. २०१६ च्या नोव्हेंबरांत निन्टेंडोनें आपल्या जुन्या राखी पेटीची तळहातावर मावेल एवढी प्रतिकृति विकावयास काढली. तींत तीस जुने खेळ होते, आणि आंत, हौशी लोकांनीं वर्षानुवर्षें केलें होतें त्याच रीतीनें, लिनक्सवर चालणारा एक लहानसा संगणक होता. दोन-तीन महिन्यांतच लोकांनीं तोहि उघडून आपल्या पसंतीचे खेळ त्यांत भरले. त्या प्रतिकृतीचें पुढचें झांकण मात्र केवळ शोभेचें आहे. तें उघडत नाहीं. मूळ पेटीचें झांकण अजूनहि उघडतें, आणि तिच्या आंत काय असावें हें ती ज्या घरांत आहे तें घर ठरवितें.