पराशर गुहा, पांडवदरा आणि कृश देहाचा प्रश्न

पन्हाळगडावर गेलेला प्रवासी अंबरखान्यापाशी थांबल्यावाचून राहत नाही. गंगा, यमुना व सरस्वती अशी या धान्यकोठारांची नावे. एकट्या गंगा कोठीत सुमारे २५,००० खंडी धान्य मावे, असे सांगतात. इ. स. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत गडाभोवती पडला, तेव्हा या कोठारांचे मोल काय असेल, हे वेगळे सांगावयास नको. याच गडावर पराशर ऋषीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुहा आहेत. ऋषीने तेथे घोर तप केले, अशी परंपरा आहे. गडाच्या पश्चिमेस, मसाई पठाराच्या कडेला पांडवदऱ्याची बौद्ध लेणी आहेत. लोक ती पांडवांची मानतात. लेणे दिसले की तेथे पांडव आणून बसविण्याची महाराष्ट्राची खोड जुनीच आहे. तपाची गुहा आणि भिक्षूंचे लेणे दुरून सारखेच भासतात. आत राहणाऱ्यांचा अन्नाविषयीचा विचार मात्र एकच नव्हता, आणि त्या भेदाचा इतिहास आम्हांस येथे पाहावयाचा आहे.

मज्झिमनिकायातील महासच्चक सुत्तात भगवान बुद्धांनी आपल्या दुष्करचर्येचा वृत्तांत स्वमुखाने सांगितला आहे. ऐकणारा सच्चक हा निगंठपुत्र, म्हणजे देहदंडाच्या परंपरेतच वाढलेला. अन्न सर्वस्वी वर्ज्य करावे, असे बोधिसत्त्वाच्या मनात आले. तेव्हा देवतांनी रोमरंध्रांवाटे दिव्य ओज देहात घालण्याची तयारी दाखविली. आपण उपाशी आहोत असे म्हणायचे आणि आतून पोषण घ्यायचे, हे असत्य ठरेल, म्हणून त्यांनी ते नाकारले. मग मूग, हुलगे, वाटाण्याच्या जातीची कडधान्ये यांचे कढण तेवढे ते ओंजळभर घेऊ लागले. हुलग्याचे माडगे पन्हाळ्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्याला परके नाही; भेद इतकाच, की तो ते वाडगाभर पितो आणि वर भाकरी खातो.

पुढील वर्णन वैद्याने टिपून ठेवावे इतके नेमके आहे. पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाती लागे. बरगड्या जीर्ण छपराच्या वाशांसारख्या उघड्या पडल्या. डोळे खोल विहिरीच्या पाण्यासारखे आत गेले. अंगावरून हात फिरविला की मुळाशी कुजलेले केस गळून पडत. गांधार देशातील सिक्री येथे मिळालेली आणि आज लाहोर संग्रहालयात असलेली उपोषित बोधिसत्त्वाची मूर्ती पाहिली, तर शिल्पकाराने याच वर्णनाला शिळेत उतरविले असे वाटते. गांधारात हा विषय आवडीचा. भारताच्या इतर भागांत तो क्वचितच कोरला गेला.

हे केवळ काव्य नव्हे, याची साक्ष आधुनिक प्रयोग देतात. इ. स. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. केस गळू लागले, नाडी मंदावली, थंडी सोसवेना, पायांवर सूज आली. मन तर रात्रंदिवस अन्नाभोवती घोटाळू लागले. कित्येक जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. पुरुषाच्या देहात सुमारे तीन टक्के मेद जीवनावश्यक असतो. त्या सीमेकडे देह लोटला, की चित्त मुक्त होत नाही, ते भुकेचे दास होते. स्पर्धेपूर्वी शिरा उठून दिसाव्यात म्हणून उपाशी राहणाऱ्या आजच्या व्यायामपटूंनीही हे ध्यानी घ्यावे.

बोधिसत्त्वाचा निष्कर्ष हाच होता. जांभळीच्या छायेत बालपणी अनुभवलेले ध्यानसुख त्यांना आठवले. ज्या सुखात कामवासना नाही त्याला आपण का भ्यावे, असे त्यांनी स्वतःस विचारले. इतक्या कृश देहाने ते साधणार नाही, हे उमगताच त्यांनी भात व कुल्माष ग्रहण केले. पाचही सहकारी निघून गेले. सुजातेची खीर आणि सहा वर्षांचा आकडा या सुत्तात नाही, हे अभ्यासकांनी लक्षात ठेवावे. निदानकथेने तो तपशील पुढे भरला. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तपश्चर्येचे प्रकरण कसोटी म्हणून मांडले आहे. मार्ग तपासला, निरुपयोगी ठरला, सोडला.

हा वाद आमच्याच मुलखात आजतागायत जिवंत आहे. पन्हाळ्याहून राज्य करणाऱ्या शिलाहार भोज दुसरा याच्या काळात जैन पांडित्याला बहर होता, सोमदेवाने इ. स. १२०५ मध्ये आजरे येथे ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ रचला. या परंपरेतील सल्लेखना या शब्दाचा अर्थच सम्यक् रीतीने कृश करणे असा आहे: देह आणि कषाय, दोन्ही. बेळगावकडील भोज गावच्या परिसरात जन्मलेले आचार्य शांतिसागर यांनी इ. स. १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे हे व्रत घेतले आणि छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबर रोजी, देह ठेवला. इ. स. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने या व्रतास आत्महत्या ठरविले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. त्या आचार्यांच्या धैर्याविषयी आम्हांस आदरच आहे. मतभेद तत्त्वाचा आहे. राजगृहाच्या काळशिलेवर आसन वर्ज्य करून तीव्र वेदना सोसणाऱ्या निगंठांना बुद्धांनी विचारले होते, की पूर्वी आपण कोणते पाप केले, त्यातले किती फिटले आणि किती उरले, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? चूळदुक्खक्खंध सुत्तात त्यांचे उत्तर नकारार्थी आहे.

म्हणून अतिभोजन चालेल, असे मात्र नव्हे. कोसलराज पसेनदि द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत बुद्धांपुढे येई. भोजनाची मात्रा जाणण्याविषयीची एक गाथा बुद्धांनी सांगितली. ती जेवताना म्हणून दाखविण्यासाठी राजाने सुदस्सन नामक तरुणास रोज शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू तो नाळीभर भातावर आला, अंगाने हलका झाला आणि आपल्याच अंगावरून हात फिरवीत संतोष मानू लागला. दोन देहांवरून फिरणारे हे दोन हात संयुत्त आणि मज्झिम निकायांत शेजारी ठेवून वाचावेत, असे आम्हांस वाटते.

पसेनदि राजा होता, बोधिसत्त्व राजपुत्र होते. दोघांपुढे अन्न होते आणि नाकारण्याचा अधिकारही होता. आमच्या आजोबा-पणजोबांपुढे तो प्रश्नच नव्हता. बलुत्याच्या तुकड्यांवर जगलेल्या, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसांची उपासमार कोणी तप म्हणून गौरविली नाही, आणि तशी ती गौरविली जाऊही नये. भूक हा सर्वांत मोठा रोग, असे धम्मपदात मानले आहे. त्या गाथेची कथा अट्ठकथेत येते. आळवी नगरात बुद्ध उपदेशास बसले होते. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो शोधून, दिवसभराचा उपाशी, तो उशिरा सभेत पोहोचला. तोवर बुद्ध काही न बोलता थांबले होते. तो येताच त्यांनी विचारले, भिक्षुसंघास वाढून काही अन्न उरले आहे काय? उरले होते. त्याला पंगतीस बसवून जेवू घातले आणि मगच धम्म सांगितला. भिक्षू कुरकुरले, की शास्त्याने असे पूर्वी कधी केले नव्हते.