मुक्तिसदनातील खिळे जुळवणारे हात

पंडिता रमाबाईंवर वर्गात बोलताना आम्ही बहुतेक वेळा १८९३ या सालापाशी अडतो. शारदा सदनातील विधवांवर ख्रिस्ती धर्माचे संस्कार होतात हा आक्षेप, ‘केसरी’तील टीका, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेणे, पालकांनी मुली परत नेणे, हे सांगता सांगता तास संपतो. धर्मांतराच्या वादात विद्यार्थी रमतात. खरे तर आम्हीही रमतो. त्यानंतर रमाबाई एकोणतीस वर्षे काम करीत होत्या आणि त्या कामाचा मराठी भाषेशी निकटचा संबंध होता, हे मात्र सांगायचे राहून जाते.

रमाबाईंच्या १८८७ च्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच त्यांच्या आरंभीच्या विचाराची मर्यादा दिसते : ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन प्रामुख्याने अशाच उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढच्या आनंदीबाई कर्वे. या स्त्रियांनी शिकावे, शिक्षिका व्हावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी ती कल्पना होती. अमेरिकेत असताना रमाबाईंनी फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला होता तोही यासाठीच. घरंदाज विधवेला शोभेल असा शिक्षिकेपलीकडचा व्यवसाय त्या काळी सुचणेही कठीण होते.

ही मर्यादा कोणत्या तात्त्विक चर्चेने मोडली नाही, दुष्काळाने मोडली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी स्वतःचे आईवडील आणि बहीण गमावली होती. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. पुण्यात प्लेगाची धास्ती होती, म्हणून या स्त्रियांना दौंडजवळच्या केडगावला नेले. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

आलेल्यांत नाना जातींच्या स्त्रिया होत्या. कित्येकींनी अक्षर पाहिलेले नव्हते. सगळ्यांना शिक्षिका करणे शक्य नव्हते आणि एवढ्या तोंडांना रोज घास हवा होता. त्यामुळे शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा असे उद्योग एकेक करीत वाढले. अंध स्त्रियांना ब्रेल वाचायला शिकवण्यात मनोरमाबाईंचा पुढाकार होता. हे कौशल्यशिक्षण कोण्या अभ्यासक्रमातून आलेले नव्हते. जे शिकायचे त्यावरच संध्याकाळची भाकरी अवलंबून होती, आणि आम्हाला त्याचे मोल याच कारणाने अधिक वाटते.

आम्हा भाषेच्या माणसांनी खरे थांबायला हवे ते छापखान्यापाशी. देवनागरीचे खिळे जुळवणे सोपे काम नव्हे. मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांचे शेकडो निरनिराळे खिळे. प्रत्येकाचा खण लक्षात ठेवायचा, उलटे अक्षर सुलट वाचायचे, ओळ घट्ट बसवायची. मुक्तीच्या छापखान्यात हे काम स्त्रिया करीत. स्त्रीने साधे पुस्तक हातात धरणेही अनेक घरांत खपत नव्हते, त्या काळात या बायका पुस्तक घडवत होत्या.

जुळवायचा मजकूरही साधा नव्हता. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, आणि संस्कृतप्रचुर शब्द हेतुपुरस्सर टाळले. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला वाचता यावे हा त्यांचा आग्रह होता. संस्कृतात वाढलेल्या विदुषीने आपलीच भाषा अशी उतरवून ठेवावी, ही घटना आमच्या गद्याच्या इतिहासात आम्ही क्वचितच नोंदवतो. (धर्मग्रंथ म्हणून ते पुस्तक बाजूला पडते, आणि भाषांतर म्हणूनही मग कोणी उघडत नाही.)

या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकण्याचे कारण नाही. मुक्तिसदन ही ख्रिस्ती संस्था होती. प्रार्थना आणि उद्योग तेथे वेगळे नव्हते. दुष्काळातून उचलून आणलेल्या अनाथ मुलीपुढे निवड करण्याइतकी मोकळीक कितपत होती, हा प्रश्न १८९३ च्या टीकाकारांच्या हेतूंबद्दल शंका घेऊनही उरतोच. पण त्याच टीकाकारांच्या समाजाने त्या मुलीसाठी दुसरे कोणते दार उघडे ठेवले होते? १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापली, तीही प्रथम ब्राह्मण विधवांपुरतीच होती.

मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले ते १९२४ मध्ये. त्या पानांवर भाषांतरकर्तीचा हात शोधणारे अभ्यासक आता भेटतात. एकेक खिळा उचलून ती पाने जुळवणाऱ्या बायकांची नावे आमच्या कोणत्याही वाङ्मयेतिहासात आम्हाला आढळलेली नाहीत.