विद्येचे ऋण आणि पुण्यातील एक दान

विद्या घेतल्यावर तिचे ऋण कोणत्या रीतीने फेडावे, हा प्रश्न आपल्या ज्ञातीपुढे पूर्वीपेक्षा आज अधिक निकडीने उभा आहे. पूर्वी घरात शिकलेला मनुष्य एखादाच असे; त्याने एका पुतण्यास वा भाच्यास आश्रय देऊन शिकविले, की ऋण फिटले असे समजत. आता आपली मुलेमुली कृषिशास्त्रात व अर्थशास्त्रात पदव्या मिळवीत आहेत. त्यांच्या यशाची वार्ता आपण अभिमानाने छापतो; परंतु ज्या विद्येने त्यांना वर आणले, तिच्याकडे परत काय गेले, याची वार्ता क्वचितच येते. म्हणून पुण्यातील शेतीविषयक अर्थशास्त्राचा थोडा इतिहास येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या शास्त्राचा आरंभ आपल्याकडे ग्रंथांतून नव्हे, तर बांधावरून झाला. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी शहराजवळच्या पिंपळे सौदागर या गावी घरोघर फिरून जमीन, कर्ज व उत्पन्न यांची मोजदाद केली आणि १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली तेथे एका खातेदाराकडे सरासरी सुमारे ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती सुमारे ७ एकरांवर आली होती. शेतकरी आळशी म्हणून दरिद्री, असे म्हणणाऱ्यांस हे आकडेच उत्तर होते.

अशा कामास स्थिर घर मिळाले ते एका देणगीमुळे. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाच्या स्वाधीन केलेल्या निधीतून १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले व १९६६ पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. पुण्याच्या फळबाजाराची आणि वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी ही संस्थेची आरंभीची कामे होत. १९५४ साली तेथे कृषि-आर्थिक संशोधन केंद्र निघाले. कुळकायद्याच्या अंमलबजावणीची दांडेकर व खुदानपूर यांनी केलेली पाहणी १९५७ साली प्रसिद्ध झाली. कित्येक कुळांनी 'राजीखुशीने' जमीन सोडल्याची कागदोपत्री नोंद असली, तरी त्या राजीखुशीमागे काय होते, हे तिने लोकांपुढे मांडले. गाडगीळांची विद्या पुस्तकांतच राहिली नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने उभे राहिले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. काळे यांच्या नावाने संस्थेत जी स्मृति-व्याख्याने सुरू झाली, त्यांतील १९३९ चे व्याख्यान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. दात्याच्या नावाच्या व्यासपीठावर कोणी यावे, यास ज्ञातीची अट नव्हती. विद्येची मात्र होती. या उदारपणामुळे दात्याचे नाव लहान न होता मोठेच झाले.

आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीच्या विनियोगाविषयी सध्या दोन मते आहेत. एक मत असे, की हा पैसा ज्ञातीतील मुलांच्या शुल्कासच द्यावा. दुसरे असे, की त्याचा काही भाग ग्रंथालयास व ग्रामीण पाहणीस द्यावा आणि त्याचा लाभ सर्वांस मोकळा असावा. पहिल्या मतामागील कळकळ आम्ही जाणतो; ज्या घरी शुल्काअभावी मूल परत येते, त्या घरास पिंपळे सौदागरचे आकडे सांगून काय उपयोग? तथापि आज पदवीधर होऊन मिळवते झालेल्या आपल्या मुलामुलींनी स्वतःच्या पहिल्या वर्षाच्या मिळकतीतून यथाशक्ति रक्कम दिली, तर एकाचे शुल्क व दुसऱ्याचा ग्रंथ यांत निवड करण्याची वेळ येणार नाही, असे आम्हांस वाटते.

दान संगमरवरी पाटीवर कोरले की दिसते. पाहणीच्या वहीत गेले की दिसत नाही. परंतु काळे यांच्या दानातून वाईच्या शेतकऱ्याचा जमाखर्च प्रथम मांडला गेला आणि पुढे जमीन गमावलेल्या कुळाची हकिगत अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचली. ज्ञातिबंधू-भगिनींनी पुढील वार्षिक सभेस येताना हा विचार मनात घेऊन यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.