मुदत आखूड करण्याची किंमत

प्रकल्पाची मुदत घटवायची म्हणजे सगळीच कामे घाईने उरकायची, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः प्रत्येक प्रकल्पात कामांची एक साखळी अशी असते, की तिच्यातील एखादे काम रखडले तर सारा प्रकल्प रखडतो. तिला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. ही गणनपद्धती अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ड्युपाँट व रेमिंग्टन रँड या कंपन्यांत आकाराला आली. या साखळीबाहेर ओतलेला जादा पैसा एक दिवसही वाचवत नाही.

साखळी आखूड करण्याचे प्रमुख मार्ग दोन. जादा मजूर, यंत्रे व पाळ्या लावणे म्हणजे 'क्रॅशिंग'. यात खर्च वाढतो. एकामागून एक करावयाची कामे एकाच वेळी चालवणे म्हणजे 'फास्ट ट्रॅकिंग'; यात जोखीम वाढते, कारण आराखडा मध्येच बदलला तर झालेले काम मोडावे लागते. व्याप्ती कमी करणे हा तिसरा मार्ग. त्याचा उच्चार मात्र सहसा कोणी करत नाही.

गोमंतकीयांना परिचित उदाहरण कोकण रेल्वेचे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि पाच वर्षांचे उद्दिष्ट ठरले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सात विभागांत वाटून सर्वत्र एकदम काम सुरू झाले. कठीण कातळातील बोगद्यांना स्वीडनहून आणलेल्या यंत्रांनी वेग दिला. मऊ, पाणथळ मातीत तो उपाय चालेना. बोगद्याला तोंडे दोनच. तिथे माणसे वाढवून खोदाई वाढत नाही. पेडण्याचा बोगदा म्हणूनच दीर्घकाळ अडून राहिला. त्यातच गोव्यात मार्गाच्या आखणीला विरोध झाला, काम थांबले, ओझा आयोग नेमला गेला. लोकांचा आक्षेप ही अशी कडी आहे, जी पैशाने आखूड होत नाही. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला.

मार्ग एकेरी ठेवल्याने वेळ व पैसा वाचला. आज क्रॉसिंगसाठी थांबणाऱ्या गाड्या त्याची भरपाई करतात. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडींमुळे भीषण अपघात झाले. त्यांचे खापर केवळ बांधकामाच्या वेगावर फोडणे अन्यायाचे ठरेल. कोकणातील डोंगर आणि पाऊस तसेच आहेत. तरीही कापलेल्या उतारांचे कोन कमी करणे, जाळ्या बसवणे ही कामे मार्ग सुरू झाल्यानंतर मोठ्या प्रमाणावर हाती घ्यावी लागली. पेडण्याच्या बोगद्यात तर जुलै २०२४ मध्येही पाणी शिरून वाहतूक बंद पडली होती.